मागचं चाक

"ते चाक तुझ्याकडेच असणार बघ," चॅम्पियन म्हणाला आणि दुकानातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसला. ती खुर्ची पाणक्याची होती.

पाणक्याचं लक्ष रस्त्यावर होतं. समोरचा न्हावी अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच सोडून दारात येऊन उभा राहिला होता. शेजारचा शिंपी गळ्यात टेप अडकवून पायरीवर आला होता, आणि औषधाच्या दुकानातल्या माणसाने तर मोबाईल काढून फोटोसुद्धा घेतला होता. सदतीस वर्षं पाणक्या या रस्त्यावर सायकली दुरुस्त करत होता. या तिघांच्या घरातल्या पोराबाळांची पंक्चरं त्याने काढली होती. पण त्याच्याबरोबर कुणी फोटो काढला असेल तर शपथ. आणि हा काय, गुडघा धरत गाडीतून उतरला, एकदा हात हलवला, की झालं काम.

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्या झोंबल्या हे स्वतःशी कबूल करण्यात त्याला काही कमीपणाही वाटला नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एकेचाळीस वर्षांपूर्वी हे दोघे एकाच संघातून सायकलच्या शर्यती मारत होते. शर्यत मारणं म्हणजे सगळ्यांनी जोर लावून पळणं, असं लोकांना वाटतं. तसं ते नसतं. सहाजणांचा संघ असतो. एकाने जिंकायचं आणि बाकी पाचजणांनी त्याला जिंकू द्यायचं. मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, सदऱ्यात कोंबायच्या, धापा टाकत पुढे जायचं आणि त्याच्या हातात द्यायच्या, हे एकाचं काम. वारा सुटला की त्याच्या पुढे राहून तो आपल्या छातीवर घ्यायचा, हेही त्याचंच काम. म्हणून नाव पडलं पाणक्या. दुकानाच्या पाटीवर दुसरंच नाव आहे, पण पाटी वाचतं कोण?

आणि संघाचा एक रिवाज होता. जिंकणाऱ्याचं चाक पंक्चर झालं आणि गाडी जवळ नसेल, तर पाणक्याने थांबायचं, आपलं चाक काढून त्याला द्यायचं. सांगावं लागत नाही, विचारावं लागत नाही. आईने पानातला घास पोराच्या पानात सरकवावा इतकं ते सहज असतं.

सात दिवसांच्या मोठ्या शर्यतीचा शेवटचा दिवस होता. शेवट अकरा किलोमीटरवर आलेला, चॅम्पियन आघाडीवर, आणि त्याचं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. संघाची गाडी चार किलोमीटर मागे रेल्वेच्या फाटकात अडकलेली. पाणक्या थांबला. त्या सकाळी एकूण क्रमवारीत तो चौथा होता आणि तिसऱ्या नंबरचा गडी डोळ्यांदेखत ढेपाळत चालला होता, पण तो थांबला. आपलं चाक काढलं, चॅम्पियनच्या सायकलला बसवलं, खोगिराखाली हात घालून त्याला ढकलून दिलं. सत्तावीस सेकंद लागले. मग तो पंक्चर झालेलं चाक घेऊन रस्त्याच्या कडेला दीड तास उभा राहिला. त्याच्याकडे गाडी आली तेव्हा तिकडे हारतुरे होऊन गेले होते. निकालाच्या कागदावर त्याच्या नावापुढे लिहिलं गेलं, 'शर्यत पूर्ण केली नाही.'

चॅम्पियनला नोकरी मिळाली, घर मिळालं, सरकारी मानपत्र मिळालं, मानधन सुरू झालं. मुलाखतींमधून गोष्ट हळूहळू घडत गेली. पहिल्या वर्षी 'आम्ही चाक बदललं' होतं, तिसऱ्या वर्षी 'मी चाक बदललं' झालं, आणि दहाव्या वर्षी ती पाचवीच्या पुस्तकात धडा म्हणून आली. पाणक्याच्या पोरीला तो धडा होता. 'विजेत्याने आपले चाक किती सेकंदांत बदलले?' पोरगी मोठ्याने पाठ करत होती आणि बाप आतल्या खोलीत जेवत होता. तिने विचारलं, बाबा, बरोबर आहे ना? बरोबर आहे म्हणाला. पोरीचे मार्क कशाला घालवायचे?

अलीकडे चॅम्पियन आपली चीजवस्तू विकायला लागला होता. आधी चांदीचा करंडक गेला, मग कोट, मग सोन्याचं पदक. पेपरात वाचून पाणक्याला एक दिवस फार बरं वाटलं. उतरला एकदाचा घोड्यावरून, असं तो बायकोला म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की याचं विकणंसुद्धा पेपरात येतं. आपण विकायला काढलं तर काय काढणार? संघाचा एक फोटो. त्यात चॅम्पियनने वर धरलेल्या करंडकामागे पाणक्याचं नाक-तोंड गेलंय, नुसते डोळे दिसतात. तो फोटो भंगारवाला काचेसाठी घेईल, तेवढंच.

आणि आता चॅम्पियन शर्यतीची सायकल घेऊन खुद्द त्याच्या दारात आला होता. नवीन क्रीडासंग्रहालय उघडणार होतं, त्यांना ती हवी होती. पण यादी करायला आलेल्या बाईंनी कागदावर शेरा मारला की संघाची सगळी चाकं एकसारखी असायची, तरी पुढचं चाक आणि मागचं चाक जुळत नाही, त्यातलं एक शर्यतीनंतर बसवलेलं दिसतं, आणि बदललेली वस्तू संग्रहालय घेत नाही. शुक्रवारी त्यांचा मोठा पारखी स्वतः बघायला येणार होता. तोवर जोड जुळली पाहिजे.

"मी मुलाकडे चाललोय रे कायमचा," चॅम्पियन म्हणाला. "त्याच्या घरात मला एक कपाट मिळालंय. बाकीचं ज्यांनी घेतलं त्यांनी आपापल्या दिवाणखान्यात नेऊन ठेवलं. ही एक तरी चार लोकांना बघायला मिळेल. नाहीतर मेल्यावर कोण ओळखणार आपल्याला?"

पाणक्याच्या पोटात दुखलं. याला मेल्यानंतरची काळजी पडली होती. इथे जिवंतपणी कोण ओळखतंय?

"कुठलं चाक म्हणतोस तू?" त्याने विचारलं.

"ते पंक्चर झालेलं, माझं मूळचं. मी रस्त्याच्या कडेला फेकलं होतं. तू मागून येत होतास, तू उचललंस. मला नंतर कुणीतरी सांगितलं."

"मी मागून येत होतो?"

"मग? मी गाडीतलं जादाचं चाक घेतलं, बसवलं आणि सुटलो. सत्तावीस सेकंद."

"गाडी कुठे होती तेव्हा?"

"गाडी तिथेच होती की."

पाणक्याने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. खोटं बोलणाऱ्याच्या डोळ्यांत कुठेतरी काहीतरी हलतं, ते शोधलं. तिथे काही नव्हतं. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. एकेचाळीस वर्षं पाणक्याने एका गोष्टीवर दिवस काढले होते: जगाला माहीत नसेल, पण याला माहीत आहे, धडा वाचून दाखवताना, हार घालून घेताना याच्या घशात कुठेतरी काटा अडकत असेल. आणि हा बाबा सगळं विसरून बसला होता. इतक्या वेळा सांगितलं की सांगितलेलंच खरं झालं. काटा नाही, कूस नाही. झोपही छान लागत असणार. पाणक्याला त्याच्या विसरण्याचाही हेवा वाटला.

"ते चाक माझं होतं," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडावर म्हणाला. "मी थांबलो. माझं चाक काढून तुझ्या सायकलला बसवलं. तुला ढकललं पण मीच."

चॅम्पियनने त्याच्या मांडीवर प्रेमाने थोपटलं. सत्काराच्या व्यासपीठावर थोपटतात तसं.

"अरे, तुम्ही सगळे होतात म्हणूनच तर मी होतो," तो म्हणाला. "मी प्रत्येक भाषणात सांगतो."

भिंतीवर डोकं आपटलं तर भिंतीला थोडंच लागतं?

एवढ्यात पाणक्याची बायको चहा घेऊन मागच्या खोलीतून आली. ते कपाटातले कप होते, जावई आला तेव्हाच निघालेले. चॅम्पियन "वहिनी, कशाला त्रास" म्हणाला, आणि वहिनी चक्क लाजली. पाणक्याने तेही पाहून ठेवलं.

ते जुनं चाक त्या वेळी बरोब्बर चॅम्पियनच्या टकलावर टांगलेलं होतं, वीस-पंचवीस रिमांच्या गर्दीत, तिसऱ्या खुंटीला. त्याने एकदा वर पाहिलंही. पण स्वतःचं चाक ओळखायला आधी ते स्वतःच्या हाताने कधीतरी नीट करावं लागतं.

"ते केव्हाच भंगारात गेलं," पाणक्या म्हणाला. "पण सायकल ठेवून जा. जोड जुळवून देतो. पारख्याला शुक्रवारी इकडेच पाठव."

चॅम्पियन गेला. न्हाव्याने पळत येऊन त्याच्यासाठी गाडीचं दार धरलं.

आता सायकल आणि पाणक्या समोरासमोर होते. त्याने ती स्टँडला लावली आणि मागचं चाक बोटाने फिरवलं. माझं चाक, तो म्हणाला, मोठ्यानेच. चूक होणं शक्यच नव्हतं. संघात सगळ्यांना एकसारख्या रिमा मिळायच्या, पण पाणक्या आपली चाकं उसवून पुन्हा बांधायचा. स्पोक जिथे एकमेकांना ओलांडतात, तिथे तांब्याची बारीक तार गुंडाळायची आणि तिच्यावर डाखाचा, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा, थेंब सोडायचा. एका चाकाला अशा अठरा गाठी. चाक ताठ राहतं, चढावर अंग मुरडत नाही. तेव्हा चॅम्पियन हसायचा, म्हणायचा, चाकाला दागिने घालतोय बघा. आणि नंतर त्याच दागिन्यांवर बसून शेवटचे अकरा किलोमीटर गेला. आयत्या बिळावर नागोबा.

करायचं काय? जुनं चाक खुंटीवरून काढून लावलं असतं, तर जोड जुळली असती आणि चॅम्पियनचं काम झालं असतं. पण मग जे चाक शर्यत जिंकून आलं ते दुकानात पडलं असतं, आणि जे रस्त्यात बसलं ते काचेच्या पलीकडे गेलं असतं. काहीच केलं नाही, तर संग्रहालय सायकल घेणार नाही. मग दोन्ही चाकं अडगळीत. पारख्याला खरं सांगावं म्हटलं, तर कागद सांगतो 'पूर्ण केली नाही', आणि साक्षीदार म्हणतो तू मागून येत होतास. पाणक्याला मान नको होता असं नाही, हवाच होता, हावरटासारखा हवा होता. पण मान नाही तर नाही, ते चाक तरी तिथे गेलं पाहिजे होतं. आपण नाही पोचलो, ते पोचलं होतं.

दोन दिवस त्याने काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने पुढचं चाक, चॅम्पियनचं, मूळचं, कंपनीने बांधलेलं, काढून मांडीवर घेतलं आणि बायकोला हाक मारली.

"तार गुंडाळायला ये. मला जवळचं दिसत नाही."

ती आली, बघितलं, आणि तिला सगळं समजलं. इतकी वर्षं तिने ही गोष्ट झोपताना, जेवताना, आजारपणात ऐकली होती.

"अहो, एकेचाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "ते चाक अजून तुमच्या डोक्यातच फिरतंय."

"आता याचं पण माझ्यासारखं करतोय," तो म्हणाला. "जन्मभर मी त्याच्यासारखा व्हायला बघत होतो. आता त्याचं चाक माझ्यासारखं होऊ दे."

ती खाली बसली. ती तार गुंडाळत गेली आणि तो डाख सोडत गेला. अठरा गाठी संध्याकाळपर्यंत झाल्या. नवा डाख चकाकतो, म्हणून त्याने त्यावर मीठ आणि व्हिनेगर चोळलं, मग काजळी, मग तेलाचा हात. दुसऱ्या दिवशी पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं हे सांगायला त्याला स्वतःलाच वाकून बघावं लागलं. मनातून तो इतका खूश होता की शिंप्याच्या पोराच्या सायकलचं पंक्चर त्याने फुकट काढून दिलं.

शुक्रवारी पारखी आला. बारीक, शांत, पांढऱ्या हातमोज्यांचा माणूस. चॅम्पियनही आला आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसला. पारख्याने सायकलभोवती दोन फेऱ्या मारल्या, मग पिशवीतून एक मोठा केलेला जुना फोटो काढला. शेवटच्या रेषेवरचा फोटो होता. पुढचं चाक कुणाच्या तरी झेंड्याआड गेलेलं, पण मागचं स्पष्ट होतं. त्याने भिंग लावलं आणि तो हसला.

"या गाठी बघा," तो म्हणाला. "फोटोत आहेत. सायकलवर आहेत. दोन्ही चाकांना आहेत. आमच्या बाईंची काहीतरी चूक झाली असणार. ही अस्सल जोडी आहे."

फोटोत होत्या. त्याच्या गाठी, त्या रेषेवर, त्या क्षणी. त्याला वाटलं, भिंग मागून घ्यावं.

"इतकं सुंदर काम मी क्वचित पाहिलंय," पारखी म्हणाला. "चाकं कुणी बांधली होती?"

बायको मागच्या दारात उभी होती. चॅम्पियनने मागच्या चाकाकडे पाहिलं, थोडा वेळ नुसतंच पाहिलं, जणू काहीतरी आठवू बघत होता. मग त्याला आठवायची सवय होती तेच आठवलं.

"मीच बांधायचो," तो म्हणाला. "तेव्हा आम्ही सगळं हातानेच करायचो."

पारख्याने वही काढून ते लिहून घेतलं.

पाणक्याच्या अंगाचा तिळपापड झाला. शब्द ओठांपर्यंत आले. ते माझं आहे, एवढे तीनच शब्द. आणि तिथेच त्याच्या ध्यानात आलं की बोलायची सोय आता उरलेली नाही. कुणी बांधली हे सांगायचं, तर कधी बांधली हे सांगावं लागणार. मागचं एकेचाळीस वर्षांचं आणि पुढचं चार दिवसांचं. एकदा पारख्याने पुढच्या गाठीवर नख मारलं की आत नवा डाख चमकणार, मग सायकल परत, चाक परत, आणि वर खोटेपणाचा शिक्का पाणक्याच्या कपाळावर. आपल्याच हाताने, बायकोच्या मदतीने, अठरा गाठी मारून त्याने आपलं तोंड बांधून घेतलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

"मिस्त्री, तुम्ही सांभाळून ठेवलीत, आभार," पारखी त्याला म्हणाला.

"नुसतं तेल दिलं," पाणक्या म्हणाला.

संग्रहालय उघडलं तेव्हा समारंभाला त्याला बोलावणं नव्हतं, आणि असतं तरी तो गेला नसता. दोन महिन्यांनी एका मधल्या वारी तो आणि बायको तिकीट काढून गेले. सायकल मोठ्या दालनात मधोमध होती, दोरी लावलेल्या चौथऱ्यावर. खाली फलकावर चॅम्पियनचं नाव, वर्ष, सत्तावीस सेकंद, आणि शेवटी एक ओळ होती: 'दोन्ही चाके विजेत्याने स्वतःच्या हातांनी बांधलेली आहेत.' बायकोने ती दोनदा वाचली. लोकांना बरं वाटावं म्हणून मागचं चाक एका छोट्या मोटारीने सावकाश फिरत ठेवलं होतं.

पाणक्याने एकच फेरा पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. चाक उजवीकडे मारत होतं. नेताना-आणताना कुठेतरी धक्का लागला असणार. त्याचा हात आपोआप दोरीपलीकडे गेला.

"आजोबा, हात आत घ्या," कोपऱ्यातला पहारेकरी उठून आला.

"चाक लटपटतंय," पाणक्या म्हणाला. "एक स्पोक ढिला झालाय. पाव फेरा आवळला की होईल."

"काही आवळायचं नाही. जसं आहे तसं ठेवायचं. मूळचंच तसं आहे ते."

"मूळचं तसं नव्हतं."

"तुम्हाला काय माहीत?"

पाणक्याने हात मागे घेतला. पण बायको पुढे झाली. एकेचाळीस वर्षं जिने ऐकून घेतलं होतं, ती त्या परक्या माणसाला नीट, सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "कारण ते चाक यांचं आहे. यांनी बांधलंय, आणि यांनीच दिलंय."

पहारेकऱ्याने पाणक्याकडे पाहिलं. मग फलकाकडे, मग पुन्हा पाणक्याकडे. मागे रांगेत उभी असलेली दोन-तीन माणसंही वळून बघायला लागली. "असं म्हणता? मग साहेबांना बोलावतो," तो म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "ते सायकल खाली घेऊन तपासतील."

"नको," पाणक्या म्हणाला. "हिची काहीतरी गल्लत होतेय. चॅम्पियनचंच आहे ते."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. त्याने तिच्या कोपराला धरलं आणि दोघं दोरीपासून दोन पावलं मागे सरकले, मागच्या माणसांना नीट दिसावं म्हणून.